आपानक, पानक आणि काला : 'आस्वाद' या संज्ञेकडे औंढ्याहून पाहताना

मराठी समीक्षेत 'आस्वाद' ही संज्ञा इतकी रुळली आहे की ती मुळात जिभेची आहे, याचे भान आपल्याला क्वचितच असते. रस, रुची, अभिरुची, चर्वणा, आस्वाद, रसग्रहण ही काव्यविचारातील सारी नामावळी खाण्यापिण्याच्या अनुभवातून आलेली आहे. त्यांपैकी 'रसग्रहण' हा आता शालेय प्रश्नपत्रिकेतील काही गुणांचा प्रश्न होऊन बसला आहे, आणि 'आस्वादक समीक्षा' हा शब्दप्रयोग फारसे विश्लेषण न करणाऱ्या, स्तुतिपर लेखनासाठी काहीशा तुच्छतेने केला जातो. रूपक मेले की त्याच्या पोटातला अनुभवही विस्मरणात जातो. निरनिराळी पेये आणि निरनिराळे पदार्थ मित्रांच्या सोबतीने चाखणे, त्यांतील भेद ओळखणे आणि त्याविषयी एकमेकांशी बोलणे, हा तो अनुभव होय. या अनुभवाचा दख्खनमधील इतिहास पाहिला तर असे दिसते की, मराठीने त्याचे शब्द सांभाळले, पेय मात्र टाकले; आणि ते टाकताना सोबत कोणाची, पंगत कोणाची, हा प्रश्न नव्याने उभा केला. ही उलथापालथ लक्षात घेतल्याखेरीज 'आस्वाद' या संज्ञेवर गेल्या काही दशकांत घेतले गेलेले आक्षेप नीट कळत नाहीत, असे मला वाटते.

प्रारंभ भरतापासूनच करावा लागतो. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस म्हणजे काय, या प्रश्नाला भरत जे उत्तर देतो ते पाकशाळेतले आहे. नाना व्यंजनांनी संस्कारित केलेले अन्न खाणारे सुमनस पुरुष जसे रस आस्वादतात, तसे सुमनस प्रेक्षक स्थायी भाव आस्वादतात. येथे 'पुरुष' आणि 'प्रेक्षक' ही दोन्ही पदे अनेकवचनी आहेत, याकडे आपल्या पाठ्यपुस्तकांनी फारसे लक्ष दिलेले नाही. पुढे मम्मटाने आणि त्याच्याआधी अभिनवगुप्ताने पानकरसाचा दृष्टान्त दिला. पानक म्हणजे गूळ, मिरी आदी द्रव्ये मिसळून केलेले सरबत. त्यात कोणतेही एक द्रव्य वेगळे लागत नाही, सगळ्यांचा मिळून एक अपूर्व स्वाद होतो. पानक हे मद्य नव्हे. पण ते पेय आहे, मिश्रण आहे, आणि कोणीतरी दुसऱ्यांसाठी तयार केलेले आहे. शिवाय संस्कृत नाट्यविचारात प्रेक्षकाला जो शब्द आहे तो 'सामाजिक' असा आहे. सर्व सामाजिकांची प्रतीती एकघन होते म्हणूनच रसाचा परिपोष अधिक होतो, असे अभिनवगुप्ताने स्पष्ट म्हटले आहे. एकान्तात पुस्तक घेऊन बसलेला 'सहृदय' ही आपल्या मनातील प्रतिमा त्या मानाने अर्वाचीन आहे. ती मुद्रणयंत्राने घडवली.

पाश्चात्त्य विचारात नेमकी याच्या उलट परिस्थिती आहे, आणि तेथे तर उदाहरण थेट मद्याचेच आहे. ह्यूमने अभिरुचीच्या निकषाविषयीच्या आपल्या १७५७च्या निबंधात 'दोन किहोते'मधील सांचोच्या दोन नातलगांची गोष्ट घेतली आहे. दोघांना एका पिंपातील वाइन चाखायला दिली. एकाला तीत चामड्याची किंचित चव लागली, दुसऱ्याला लोखंडाची. उपस्थितांनी दोघांनाही हसण्यावारी नेले. पिंप रिकामे झाल्यावर तळाशी चामड्याच्या वादीला बांधलेली किल्ली निघाली. कांटला कॅनरी बेटांवरची वाइन आठवते ती वेगळ्या कारणासाठी : ती 'मला' रुचते, एवढेच म्हणण्याचा अधिकार पिणाऱ्याला आहे, सुंदराविषयीचे विधान मात्र सर्वांच्या संमतीची अपेक्षा करते. रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'मुळे (१९७४) ही कांटप्रणीत चौकट मराठीत पक्की झाली. पण या दोन्ही ठिकाणी पेय हे व्यक्ती-व्यक्तींमधील रुचिभेदाचे उदाहरण आहे. भरताकडे अन्न हे सहभागाचे उदाहरण आहे. एका परंपरेत चव माणसांना वेगळे करते, दुसरीत एकत्र बसवते. आणि मराठी समीक्षेने दुसरीचे शब्द घेऊन पहिलीचा अर्थ वापरला.

परंतु प्राचीन भारतात रुचिभेदाची जाण नव्हती, असा याचा अर्थ नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे प्रकरण आहे. मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय, मधु अशी वर्गवारी तेथे मिळते. मधु म्हणजे द्राक्षाचा रस, आणि त्याची ओळख त्याच्या देशावरून सांगायची : कापिशायन आणि हारहूरक. कापिशी म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातील बेग्रामचा परिसर. पेयाला त्याच्या मातीचे नाव देणे ही युरोपीयांचीच खासियत, असे मानणाऱ्यांनी हे एक वाक्य पाहावे. (हे अर्थशास्त्र मुंबई विद्यापीठासाठी साक्षेपाने संपादित करणारे र. पं. कंगले आणि नाट्यशास्त्रातील रस व भाव हे अध्याय अभिनवभारतीसह मराठीत आणणारे, 'रस-भाव-विचार'कर्ते कंगले हे एकच. सुराध्यक्ष आणि रसाध्याय एकाच अभ्यासिकेत शेजारी नांदले. आपल्या चर्चेत ते कधी भेटले नाहीत.)

वात्स्यायनाच्या नागरकवृत्तात मित्रांनी आळीपाळीने एकमेकांच्या घरी 'आपानके' भरवावीत, असे सांगितले आहे. तेथे मधु, मैरेय, सुरा आणि आसव ही पेये घ्यायची, आणि त्यांसोबत खारट, तिखट, आंबट, कडू चवीचे पदार्थ, फळे आणि हिरव्या भाज्या. पेयासोबतच्या या तोंडीलावण्याला संस्कृतात 'उपदंश' असा शब्द आहे. या शब्दाचे पुढे जे झाले ते बोलके आहे. वैद्यकात त्याचा दुसरा अर्थ पूर्वीपासून होताच. मराठीत केवळ तो दुसराच उरला. आज मराठी वाचकाला 'उपदंश' म्हणताच गुप्तरोग आठवतो, आणि पेल्याशेजारचे ताट पुसले गेले आहे. 'गोष्ठी' या शब्दाचे भाग्य मात्र बरे. मित्रांची बैठक असा त्याचा मूळ अर्थ. मराठीत बैठक विरून तीत होणारे बोलणे तेवढे राहिले आणि गोष्ठीची 'गोष्ट' झाली. म्हणजे मराठी कथेचे नावच एका मोडलेल्या बैठकीचे आहे, असे थोडे अतिशयोक्तीने म्हणता येईल.

आयुर्वेदाने हा अनुभव अधिक बारकाईने हाताळला. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील मदात्ययाचा अध्याय हा रोगाचा अध्याय आहे. पण तो उघडतो तो मद्य कसे प्यावे या वर्णनाने. उद्यान, फुले, अनुकूल मित्र, आणि वात-पित्त-कफ प्रकृतीनुसार निवडलेले अन्न. मदाच्या तीन अवस्थांपैकी पहिलीत हास्य, गीत, कथा आणि अन्नाची रुची वाढते. दुसरीत वाणी व बुद्धी अडखळतात. तिसरीत माणूस मोडलेल्या लाकडासारखा होतो. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातील सूत्रस्थानात मद्यवर्ग येतो, आणि द्राक्षापासूनचे 'मार्द्वीक' तेथे हृद्य आणि फारसे उष्ण नसलेले म्हणून वेगळे काढले आहे. या सूत्रस्थानावर 'आयुर्वेदरसायन' नावाची टीका लिहिणारा हेमाद्री म्हणजे देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा श्रीकरणाधिप हेमाडपंत. आणि हेमाडपंताचे नाव घेतले की मराठवाड्यातला माणूस ज्या काळ्या दगडी मंदिरांकडे बोट दाखवतो, त्यांत औंढा नागनाथ अग्रस्थानी आहे.

हिंगोली जिल्हा १९९९ साली परभणीतून वेगळा झाला. औंढा त्यात आले. हा परिसर द्राक्षांचा नव्हे. हळद, कापूस, सोयाबीन यांचा. नागनाथाचे मंदिर 'हेमाडपंती' म्हटले जात असले तरी ही बांधणी हेमाद्रीच्या आधीपासून दख्खनमध्ये प्रचलित होती, हे आता सर्वमान्य आहे. खालचा भाग शिल्पांनी भरलेला, आणि वरचे शिखर स्पष्टपणे उत्तरकालीन. येथे मद्याचा इतिहास शोधायला कोणी येणार नाही. तरीही मला या गावाचे महत्त्व वाटते, कारण आस्वादाच्या विचाराचे तीन धागे येथे एकमेकांजवळून जातात.

पहिला धागा नावाचा आहे. प्राचीन शैव परंपरेत 'आमर्दक' नावाचे एक तीर्थ व मठ प्रसिद्ध होते. मध्य भारतातील शैव आचार्यांच्या वंशावळी तेथपर्यंत मागे जातात. अभ्यासकांनी हे आमर्दक म्हणजे औंढा असे मानले आहे. तंत्रालोकात अभिनवगुप्त शैवमताच्या तीन प्रवर्तकांची नावे सांगतो : त्र्यंबक, आमर्दक आणि श्रीनाथ. आमर्दकाकडे द्वैत शाखेचे प्रवर्तन दिलेले आहे. म्हणजे काश्मिरातील रसशास्त्रज्ञाला ठाऊक असलेल्या शैव जगाच्या नकाशावर औंढ्याचे हे जुने नाव होते. अभिनवगुप्त स्वतः अद्वैती आणि कौल मार्गाचा. तंत्रालोकात द्राक्षापासून झालेल्या मद्याला तो भैरवाचे परम तेज मानतो. त्याला प्रत्यक्ष भेटलेल्या मधुराज नावाच्या दाक्षिणात्य शिष्याने त्याचे जे ध्यानचित्र रेखाटले आहे, ते आपल्या रसचर्चेत क्वचितच येते. द्राक्षांच्या बागेतील मंडपात गुरू बसला आहे, वीणा वाजवतो आहे. पायाशी क्षेमराजादी शिष्य त्याचे शब्द टिपून घेत आहेत. आणि दोन बाजूंना दोन दूती उभ्या, हातांत 'शिवरसा'ने भरलेला कुंभ, तांबूल, महाळुंग आणि कमळ. आस्वादाचा सर्वांत सूक्ष्म सिद्धान्त मांडणारा पुरुष त्याच्या शिष्याला द्राक्षाच्या मांडवाखाली, मद्यकुंभाशेजारी दिसला. मात्र हे मंडळ दीक्षितांचे आहे. बाहेरच्याला तेथे प्रवेश नाही, आणि कुंभ हाती धरणाऱ्या दूतींना त्या चित्रात आवाज नाही.

दुसरा धागा कल्याणचा. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (राज्यकाल ११२६-११३८) याचा 'मानसोल्लास' मराठीच्या विद्यार्थ्याला ठाऊक असतो तो ओवीच्या उल्लेखासाठी : महाराष्ट्रात स्त्रिया कांडताना ओवी गातात, असे त्यात नमूद आहे. त्याच ग्रंथात अन्नभोग आणि पानीयभोग ही प्रकरणे आहेत. मंडक, पोलिका, वटिका यांच्या कृती तेथे आहेत, आणि राजा पुत्र, आप्त व मांडलिक यांच्यासह पंगतीला बसतो. पुढे क्रीडांच्या विंशतीत प्रहेलिका वगैरे करमणुकींच्या रांगेतच मदिरापानक्रीडा येते. मद्य येथे पापही नाही आणि भैरवही नाही. तो एक खेळ आहे, राजाच्या दिनक्रमातला. ओवी कांडणाऱ्या बाईची आणि मदिरा खेळणाऱ्या राजाची, पण दोघांची नोंद एकाच पोथीत आहे. मराठी भाषा पुढे कोणाच्या बाजूने बोलणार होती, हे आपल्याला माहीत आहे.

तिसरा आणि निर्णायक धागा देवगिरीहून येतो. हेमाद्रीचा सहकारी बोपदेव याने भागवतातील श्लोक निवडून 'मुक्ताफल' हा ग्रंथ रचला. हेमाद्रीने त्यावर 'कैवल्यदीपिका' लिहिली. या ग्रंथात भक्ती हा रस ठरतो, आणि हास्य-शृंगारादी नऊ रूपांनी भक्त तो अनुभवतो. अभिनवगुप्ताने भक्तीला स्वतंत्र रस मानले नव्हते. रसाचे रंगभूमीवरून देवळाकडे झालेले हे स्थलांतर बंगालच्या गौडीय आचार्यांच्या बरेच आधी, तेराव्या शतकात, मराठी मुलखात सिद्धान्तरूपाने घडले. मद्यवर्गावर निर्विकारपणे टीका लिहिणारा हेमाद्री आणि भक्तिरसाच्या ग्रंथावर टीका लिहिणारा हेमाद्री एकच आहे, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. एका लेखणीखाली रस या शब्दाची एक वाट संपते आणि दुसरी सुरू होते.

भक्तिरस सिद्ध झाला, पण त्याची पंगत कोठली? तीही भागवतातच होती. दशमस्कंधात कृष्ण आणि गोपाळ यमुनेच्या वाळवंटात शिदोऱ्या सोडून जेवतात. तेथे प्रत्येक जण आपापल्या शिदोरीची वेगळी रुची दुसऱ्याला दाखवतो, हसतो, हसवतो. चव पृथक् आहे, आणि ती पृथक् राहूनच वाटली जाते. हे वर्णन आपानकाच्या किती जवळचे आहे! फरक इतकाच की पेला नाही आणि कुंभ धरून उभी असलेली दासी नाही. मराठीत आल्यावर या प्रसंगात एक महत्त्वाचा बदल झाला. वारकऱ्यांच्या काल्यात शिदोऱ्या वेगळ्या राहत नाहीत. सगळ्यांचे दही, पोहे, लाह्या, लोणचे एका मडक्यात एकत्र कालवले जाते आणि मग वाटले जाते. काल्याचे कीर्तन झाल्यावाचून सप्ताह पूर्ण होत नाही. कोणतेही एक द्रव्य वेगळे लागू नये, हे पानकरसाचे लक्षण येथे शब्दशः उतरलेले आहे. वारकऱ्यांनी मम्मट वाचला होता, असे मला सुचवायचे नाही. पण ज्या अनुभवाला काव्यशास्त्राने दृष्टान्त म्हणून वापरले, त्या अनुभवाला काल्याने पुन्हा अनुभव केले, एवढे निश्चित म्हणता येते. आणि त्यात एक सामाजिक आशय घातला : कोणाची शिदोरी कोणती, हे ओळखू येता कामा नये.

हा आशय किती जोखमीचा होता, हे विसोबा खेचराच्या कथेवरून दिसते. परंपरा विसोबाला औंढ्याशी जोडते. ज्ञानेश्वरादी भावंडांचा तो आधी द्वेष्टा होता. मुक्ताबाईला मांडे करायचे होते, आणि मांडे भाजायला खापर मिळू नये म्हणून विसोबाने कुंभारांना दम दिला. ज्ञानेश्वराने योगबळाने पाठ तापवली आणि मुक्ताबाईने तिच्यावर मांडे भाजले. ते पाहून विसोबा शरण आला आणि भावंडांच्या ताटातले उष्टे त्याने धावत जाऊन खाल्ले. 'खेचर' हे नाव त्याला या प्रसंगी मिळाले, असे चरित्रकार सांगतात. चमत्कार बाजूला ठेवून ही कथा वाचली, तर ती पदार्थाच्या वाटपाची कथा आहे. सोमेश्वराच्या ताटातला मंडक दीडशे वर्षांनी वाळीत टाकलेल्या मुलांच्या घरी येतो, आणि त्याला लागणारे मडके बंद करणे हे बहिष्काराचे हत्यार ठरते. उष्टे खाण्याची कृती मग केवळ पश्चात्तापाची राहत नाही. चवीच्या मंडळात प्रवेश मिळवण्याचा तो एकच मार्ग उरलेला असतो. हाच विसोबा पुढे नामदेवाला औंढ्याच्या देवळात पिंडीवर पाय ठेवून निजलेला दिसतो. पाय देव नाही तेथे ठेव, असे तो सांगतो आणि नामदेवाला तशी जागा सापडत नाही.

औंढ्याची दुसरी कथा त्याहून प्रसिद्ध आहे. नामदेवाला देवळासमोर कीर्तन करू दिले नाही. तो मागे गेला, आणि देऊळच फिरले. आजही नंदी मागील बाजूस आहे, असे दाखवले जाते. कीर्तनाच्या शेवटी काला असतो, म्हणजे समोर कोण बसणार हा प्रश्न काला कोण खाणार या प्रश्नापासून वेगळा नव्हता. आणि हेही लपवण्यात अर्थ नाही की, पंढरपुरात चोखामेळ्याची समाधी महाद्वाराबाहेर पायरीशी आहे. काल्याने जे वर्तुळ मोठे केले त्यालाही कड होती. आपानकाचे वर्तुळ नागरकांचे, अभिनवगुप्ताचे दीक्षितांचे, सोमेश्वराचे मांडलिकांचे. काल्याचे त्या सर्वांहून विशाल, तरी पुरे नव्हे.

यानंतरच्या शतकांवरून येथे भरभर पुढे जाणे भाग आहे. इब्न बतूताने चौदाव्या शतकात दौलताबादच्या द्राक्षांची वर्षातून दोनदा येणारी पिके नोंदवली, पण मराठी कवितेत त्या द्राक्षांचा पेला झाला नाही. तो झाला तो विसाव्या शतकात, आणि दोन परस्परविरोधी रूपांत. कृ. प्र. खाडिलकरांच्या 'विद्याहरणा'त (१९१३) शुक्राचार्याचे मद्य, आणि १९१९ साली, गडकरींच्या मृत्यूनंतर रंगभूमीवर आलेला 'एकच प्याला'. या नाटकाने मराठी मनात मद्याचा अर्थ कायमचा ठरवून टाकला. चरकाच्या तीन अवस्था येथे नाकारल्या जातात. पहिल्या प्याल्यातच शेवटचा असतो. हे नैतिक विधान सुधाकर-सिंधूच्या शोकांतिकेत आहे. पण साहित्याच्या इतिहासकाराने तळीरामाच्या 'आर्य मदिरा मंडळा'कडे अधिक लक्ष द्यायला हवे. नियम, ठराव, भाषणे, तत्त्वज्ञान : हे आपानकाचे विडंबन आहे. गोष्ठी तेथे परत आलेली आहे, पण सार्वजनिक सभेच्या वेषात आणि हास्यास्पद होऊन. सुधारकांच्या मंडळांची थट्टा करताना गडकरींनी सोबतीच्या आस्वादाची शक्यताही हसून संपवली.

त्यानंतर चारच वर्षांनी, १९२३ साली, पुण्यात दुसरे एक मंडळ निघाले. रविकिरण मंडळाचा उगम रविवारच्या चहाच्या बैठकीत आहे. 'सन-टी क्लब' हे त्या बैठकीचे विनोदी नाव. याच मंडळातले माधव जूलियन फार्सीचे अध्यापक. त्यांनी उमर खय्यामच्या रुबाया मुळावरून मराठीत आणल्या (१९२९), आणि फिट्झजेराल्डच्या इंग्रजी अवतारावरून 'द्राक्षकन्या' (१९३१) लिहिली. चहा पीत बसलेले कवी द्राक्षकन्येविषयी लिहितात, यात ढोंग पाहणारे टीकाकार त्या काळी होते. मला तसे वाटत नाही. मद्याची भाषा हवी, पण मद्याचे मंडळ 'एकच प्याल्या'ने अशक्य केलेले. अशा वेळी चहाची किटली हाच एक सभ्य तोडगा होता. मात्र या तोडग्याची किंमत भाषेने मोजली. साकी, प्याला, मैफल हे शब्द मराठीत आले ते चवीवाचून. माधव जूलियनांच्या मद्याला रंग आहे, उन्माद आहे, तत्त्वज्ञान आहे. पण ते आंबट होते की तुरट, सोबत काय खाल्ले, हे तेथे कोणी सांगत नाही. त्यात उपदंश नाही. प्रतीक चाखता येत नाही.

चवीवाचूनचे दुसरे मद्य दलित आत्मकथनांत आहे. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) वडिलांचे पिणे, आणि मराठवाड्यातून आलेल्या लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'तील (१९८७) जग : येथे दारू असते ती शिणाची, भुकेची, पोलिसांच्या माराची. शरणकुमार लिंबाळे यांनी 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९९६) या पुस्तकात रस आणि आनंद यांवर आधारलेली चौकट दलित साहित्याला लागू पडत नाही, अशी मांडणी केली. या आक्षेपाला उत्तर देताना आपल्याकडे बहुधा असे म्हटले गेले की, करुण आणि बीभत्स हेही रसच आहेत. हे उत्तर तांत्रिक आहे आणि अपुरे आहे. आक्षेप रसांच्या यादीवर नाही, पंगतीवर आहे. भरताचा सुमनस पुरुष पोटभर जेवलेला आहे. त्याचे अन्न दुसऱ्याने शिजवले आहे. ज्याला मडकेच मिळत नाही त्याच्या अनुभवाला 'आस्वाद' हा शब्द लावताना ते मडके कोणी अडवले, हे विचारावेच लागेल. माझ्या मते विसोबाची कथा लिंबाळे यांच्या प्रश्नाच्या अधिक जवळ आहे. साहित्यशास्त्राने तिच्याकडे दंतकथा म्हणून दुर्लक्ष केले, इतकेच.

आणि स्त्रियांचा अनुभव? दूती, अंतःपुर आणि सिंधू यांच्यानंतर मद्याच्या इतिहासात मराठी स्त्री स्वतःहून बोलली ती मतपत्रिकेवर. गावातील दारूचे दुकान बंद करावे की नाही, यासाठीच्या मतदानात 'उभी बाटली' आणि 'आडवी बाटली' ही चिन्हे आली. आडव्या बाटलीला मिळालेली मते हीदेखील एक समीक्षा आहे. ती आस्वादाच्या आधीची, कोणत्या परिस्थितीत चाखणे शक्य असते याविषयीची आहे.

दरम्यान द्राक्ष स्वतः परत आले. १९८०च्या दशकात नारायणगावला श्यामराव चौगुले यांच्या उद्योगातून फेसाळ वाइन निघाली, आणि ती परदेशात 'ओमर खय्याम' या नावाने विकली गेली. माधव जूलियनांचा कवी पन्नास वर्षांनी जुन्नर तालुक्यातल्या बाटलीवर येऊन बसला. नाशिकला १९९९-२००० पासून नव्या वायनरी उभ्या राहिल्या, २००१ साली राज्याने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, २०१० साली नाशिक व्हॅलीच्या वाइनला भौगोलिक निर्देशांक मिळाला. कापिशायनाच्या जातीचे नाव मराठी मुलखातल्या मद्याला मिळायला इतकी शतके लागली. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमधून वाइन विकू देण्याचा मंत्रिमंडळाचा निर्णय झाला तेव्हा जो गदारोळ उठला, त्यातला मुख्य प्रश्न मजेशीररीत्या शब्दशास्त्रीय होता : वाइन म्हणजे दारू की नव्हे? मनुस्मृतीने गौडी, पैष्टी आणि माध्वी या तिन्ही सुराच होत, तिन्ही सारख्याच वर्ज्य, असे म्हटले होते; वाग्भटाने मार्द्वीक वेगळे काढले होते. दोन्ही बाजूंच्या वक्त्यांना आपण कोणाची री ओढतो आहोत, हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

नाशिकच्या द्राक्षमळ्यांत आता पाहुण्यांना चार-पाच पेले ओळीने देऊन चव ओळखायला शिकवतात. शिकवणारी मुले-मुली मराठी असतात, पाहुणेही पुष्कळदा मराठी. संभाषण मराठीत सुरू होते आणि पेला नाकाशी गेला की इंग्रजीत जाते. वास्तविक तुरट, कषाय, आंबुस, ओशट, उग्र, दरवळ हे शब्द मराठीत जिवंत आहेत. स्वयंपाकघरात ते रोज वापरले जातात. समीक्षेत ते कधी आले नाहीत, आणि पेल्यापर्यंत तर पोहोचलेच नाहीत. औंढ्याच्या वाटेवर उन्हाळ्यात उसाच्या गुऱ्हाळाची छोटी दुकाने लागतात; त्यांवर 'रसवंती गृह' अशी पाटी असते. रसवंती म्हणजे जीभ, आणि रसवंती म्हणजे वाणी. उसाचा रस आंबवून सीधू होते हे अर्थशास्त्राच्या काळापासून माहीत असलेल्या या मुलखाने रस न आंबवता तिथल्या तिथे, आले-लिंबू घालून, ओळखी-अनोळखी माणसांच्या रांगेत प्यायचा ठरवला, आणि त्या जागेला नाव दिले ते वाग्देवतेचे. आणि ज्याला संस्कृत उपदंश म्हणत असे, त्या पेल्याशेजारच्या खारट-तिखट पदार्थाला आजचा मराठी माणूस 'चखणा' म्हणतो : पितो तो एक, आणि चाखणे हे क्रियापद मात्र त्याने खाण्याकडेच ठेवले आहे.